हर्बर्ट चॅपमन : क्लबची सूत्रे मालकाकडून व्यवस्थापकाकडे आणणारा माणूस

मे १९२५ मध्ये इंग्लंडमधील ‘ॲथलेटिक न्यूज’ या क्रीडा साप्ताहिकात आर्सेनल फुटबॉल क्लबची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. क्लबला संघ-व्यवस्थापक हवा होता. अनुभव, पात्रता आणि चारित्र्य उत्तम असावे ही नेहमीची अट तीत होतीच. मात्र खेळाडूंवर भरमसाट रकमा उधळल्याखेरीज ज्यांना चांगला संघ उभा करता येत नाही, त्यांनी अर्ज करण्याची तसदी घेऊ नये, असेही तीत बजावले होते. या जाहिरातीमागे क्लबचे अध्यक्ष सर हेन्री नॉरिस होते. त्या पदावर आलेले हर्बर्ट चॅपमन यांनी पुढच्या चार वर्षांत इंग्लंडमधील तोवरची सर्वांत मोठी रक्कम मोजून एक खेळाडू विकत घेतला. तोपर्यंत नॉरिस स्वतः क्लबबाहेर गेले होते.

आर्सेनलची तेव्हाची प्रतिष्ठा बेताचीच होती. आग्नेय लंडनमधील वुलिच येथील शस्त्रास्त्र कारखान्याच्या कामगारांनी १८८६ मध्ये हा क्लब स्थापन केला. १९१० मध्ये तो आर्थिक डबघाईला आला असता जमीन-बांधकामाच्या व्यवसायात श्रीमंत झालेल्या नॉरिस यांनी तो ताब्यात घेतला. नॉरिस तेव्हा फुलहॅम क्लबचेही अध्यक्ष होते. दोन्ही क्लबांचे विलीनीकरण करण्याचा त्यांचा बेत फुटबॉल लीगने मान्य केला नाही. मग १९१३ मध्ये त्यांनी क्लब उचलून थेट उत्तर लंडनमधील हायबरी येथे आणला. तेथील रहिवाशांनी विरोध केला, शेजारच्या टॉटनहॅम हॉटस्पर आणि क्लॅप्टन ओरिएंट या क्लबांनीही केला. पण नॉरिस बधले नाहीत. १९१९ मध्ये प्रथम विभागातील संघांची संख्या वाढविण्यात आली, तेव्हा द्वितीय विभागातील आर्सेनलला मतदानाने वर घेण्यात आले आणि टॉटनहॅमला खाली जावे लागले. मते होती १८ विरुद्ध ८. या मतांमागे नॉरिस यांचे व्यवहार होते, असा आरोप पुष्कळांनी केला. तो सिद्ध कधी झाला नाही, परंतु टॉटनहॅमच्या चाहत्यांनी तो विसरूनही टाकला नाही.

एवढे करूनही संघ तळाशीच राहिला. नॉरिस यांनी व्यवस्थापक लेस्ली नाईटन यांना १००० पौंडांपेक्षा अधिक किमतीचा खेळाडू घेण्यास मनाई केली होती, असे नाईटन यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. १९२४-२५ च्या हंगामात आर्सेनल २२ संघांत २०वा आला आणि नाईटन यांना जावे लागले.

चॅपमन यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी यॉर्कशायरमधील किव्हटन पार्क या कोळसाखाणीच्या गावी झाला. वडील खाणकामगार होते. हर्बर्ट यांनी खाण अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि त्यासोबत ते फुटबॉल खेळत राहिले. खेळाडू म्हणून ते मध्यम प्रतीचे होते. घरात नाव गाजले ते शेफील्ड वेन्सडेकडून खेळणारा भाऊ हॅरी याचे. फिक्या पिवळ्या रंगाचे बूट घालून खेळणारा आघाडीपटू, एवढीच हर्बर्ट यांची खेळाडू म्हणून आठवण राहिली. १९०७ मध्ये ते नॉर्थॅम्प्टन टाऊनचे खेळाडू-व्यवस्थापक झाले. सदर्न लीगमध्ये तळाला असलेल्या या संघाने १९०८-०९ मध्ये त्याच स्पर्धेचे विजेतेपद मिळविले.

१९१२ मध्ये ते लीड्स सिटी क्लबमध्ये गेले. दोन वर्षांत हा संघ प्रथम विभागात बढती मिळविण्याच्या उंबरठ्यावर पोहोचला. एवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. युद्धकाळात चॅपमन यांनी बार्नबो येथील दारूगोळा कारखान्यात व्यवस्थापकाची जबाबदारी सांभाळली. युद्ध संपल्यावर, त्या काळात क्लबने खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याची तक्रार झाली. चौकशी समितीला हिशेबाच्या वह्या दाखविण्यास क्लबने नकार दिला. ऑक्टोबर १९१९ मध्ये लीड्स सिटीला लीगमधून काढून टाकण्यात आले आणि शहरातील मेट्रोपोल हॉटेलात क्लबच्या खेळाडूंचा लिलाव करण्यात आला. फुटबॉलच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच. ज्या पदाधिकाऱ्यांवर बंदी घालण्यात आली, त्यांत चॅपमन यांचेही नाव होते. सेल्बी येथील तेल आणि पेंडीच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. तीही पुढे गेली. चाळिशी उलटलेल्या या माणसाचे फुटबॉलमधील जीवन संपल्यातच जमा होते.

त्यांना परत आणले ते शेजारच्याच एका गावाने. हडर्सफील्ड हे रग्बीचे गाव. तेथील फुटबॉल क्लबला प्रेक्षक मिळत नव्हते आणि अध्यक्ष हिल्टन क्राउदर यांचे बरेच पैसे क्लबमध्ये अडकले होते. लीड्स सिटी बंद पडताच रिकाम्या झालेल्या लीड्सच्या मैदानावर हडर्सफील्डचा संघ न्यावा, असा प्रस्ताव क्राउदर यांनी १९१९ च्या अखेरीस मांडला. एरवी सामन्यांना फारसे न फिरकणारे गावकरी या बातमीने खवळले. निषेध सभा झाल्या, वर्गण्या गोळा झाल्या, भागभांडवल जमविण्यात आले आणि क्लब गावातच राहिला. पैसा लावणाऱ्याचा क्लबवर हक्क की गावाचा, हा वाद आपल्याकडील फुटबॉलप्रेमींना नव्या काळातला वाटतो. हडर्सफील्डच्या रहिवाशांनी तो त्या हिवाळ्यात स्वतःच्या खिशातून सोडविला होता. त्याच हंगामात संघाने प्रथम विभागात बढती मिळविली आणि एफ.ए. चषकाची अंतिम फेरीही गाठली.

या क्लबने चॅपमन यांच्यासाठी दाद मागितली. ज्या व्यवहारांवरून बंदी घालण्यात आली, ते झाले तेव्हा ते बार्नबोच्या कारखान्यात होते, हा मुद्दा मान्य झाला आणि बंदी उठली. १९२१ मध्ये ते हडर्सफील्डचे सचिव-व्यवस्थापक झाले. ॲस्टन व्हिलाचे क्लेम स्टीव्हनसन यांना आणून त्यांनी संघाची घडी बसविली. १९२२ मध्ये एफ.ए. चषक आणि १९२३-२४ मध्ये लीगचे विजेतेपद हडर्सफील्डला मिळाले. त्या वर्षी कार्डिफ सिटीचेही ५७ गुण होते. हडर्सफील्डने ६० गोल करून ३३ स्वीकारले होते, कार्डिफने ६१ करून ३४. तेव्हाच्या नियमानुसार भागाकार करून सरासरी काढण्यात आली आणि अगदी किंचित फरकाने हडर्सफील्ड पुढे ठरले. पुढे रूढ झालेली वजाबाकीची पद्धत असती, तर दोघांचा फरक सारखाच भरून अधिक गोलांच्या जोरावर चषक वेल्समध्ये गेला असता. १९२४-२५ मध्ये मात्र वादाला जागा उरली नाही. हडर्सफील्ड पुन्हा विजेते ठरले.

असे यश हाती असताना लीगमध्ये २०व्या स्थानी घसरलेल्या क्लबकडे ते का गेले? वार्षिक २००० पौंडांचे वेतन हे एक कारण होतेच. दुसरे कारण लंडन शहर. हायबरीच्या मैदानाजवळच भुयारी रेल्वेचे स्थानक होते आणि आसपास लाखोंची वस्ती. हडर्सफील्डमध्ये विजेतेपदानंतरही गर्दीला मर्यादा होती. तिसरे कारण अधिकाराचे होते. त्या काळी बहुतेक क्लबांत संघनिवड संचालक मंडळ करीत असे आणि व्यवस्थापकाकडे पत्रव्यवहार, प्रवास आणि हिशेब असे कारकुनी काम राही. संघ कोण खेळेल हे व्यवस्थापकानेच ठरवावे, यावर चॅपमन ठाम होते. नॉरिससारख्या हट्टी मालकाने हे मान्य केले, ही त्या वर्षातील खरी नवलाची गोष्ट म्हणावी लागेल.

पहिलाच मोठा करार जाहिरातीतील अटीला वळसा घालणारा होता. सन्डरलंडचे आघाडीपटू चार्ली बकन यांच्यासाठी २००० पौंड रोख आणि पहिल्या हंगामातील प्रत्येक गोलामागे १०० पौंड, असे ठरले. बकन यांनी २१ गोल केले. नॉरिस यांना एकूण ४१०० पौंड मोजावे लागले.

त्याच वर्षी ऑफसाईडचा नियम बदलला. आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीनऐवजी दोनच खेळाडू असले तरी चालू लागले आणि गोलांचा पूर आला. प्रथम विभागात आदल्या हंगामात ११९२ गोल झाले होते, या हंगामात १७०३ झाले. ऑक्टोबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा धुव्वा उडविला. त्यानंतरच्या चर्चेत, मधल्या फळीतील मध्यरक्षकाला मागे खेचून तिसरा बचावपटू करावा, हा आग्रह बकन यांनी पुन्हा धरला. चॅपमन यांनी तो स्वीकारला आणि मधली पोकळी भरण्यासाठी राखीव संघातील अँडी नील यांना निवडले. दोन दिवसांनी वेस्ट हॅमवर ४-० असा विजय मिळाला. यातूनच पुढे इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांच्या आकाराची रचना साकारली. तिचे सर्व श्रेय चॅपमन यांना देण्याची प्रथा आहे, ती तितकीशी बरोबर नाही. खेळाडूचे म्हणणे ऐकून घेण्याची आणि ते दोन दिवसांत मैदानावर उतरविण्याची तयारी हे त्यांचे वैशिष्ट्य होते. त्या हंगामात आर्सेनल दुसऱ्या स्थानी आले. पहिले आले हडर्सफील्ड, सलग तिसऱ्यांदा.

१९२७ मध्ये नॉरिस यांचा काळ संपला. बकन यांना नियमबाह्य पैसे देणे, स्वतःच्या मोटारचालकाचा पगार क्लबच्या पैशातून देणे, राखीव संघाची बस विकून आलेले १२५ पौंड स्वतःच्या खात्यात वळविणे, असे ठपके ठेवून फुटबॉल असोसिएशनने त्यांना निलंबित केले. त्यांनी बदनामीचा दावा लावला आणि १९२९ मध्ये तो हरले. क्लबसाठी त्यांनी पदरचे पुष्कळ पैसे घातले होते, हेही खरे. चॅपमन यांच्यावर कारवाई झाली नाही. लीड्सच्या प्रकरणात दोष नसताना ते भरडले गेले, असे मानणारे आहेत. आणि दोन्ही वेळा पैशांचे व्यवहार त्यांना ठाऊक नव्हते यावर विश्वास न ठेवणारेही आहेत.

त्यानंतर चॅपमन यांना अडविणारे कोणी उरले नाही. १९२८ मध्ये बोल्टनच्या डेव्हिड जॅक यांच्यासाठी १०,००० पौंडांहून अधिक रक्कम देण्यात आली. फुटबॉलमध्ये हा आकडा प्रथमच ओलांडला गेला. १९२९ मध्ये प्रेस्टनचे ॲलेक्स जेम्स आले आणि एक्सेटरचा १७ वर्षांचा क्लिफ बॅस्टिनही आला. सर्व काही पैशाने झाले, असे नव्हे. डावा बचावपटू एडी हॅपगुड हे केटरिंगसारख्या छोट्या क्लबातून अल्प रकमेत मिळाले होते.

१९३० च्या एफ.ए. चषकाच्या अंतिम सामन्यात आर्सेनलची गाठ हडर्सफील्डशीच पडली. चॅपमन यांच्या सन्मानार्थ दोन्ही संघ एकत्र मैदानात उतरले. आर्सेनलने २-० असा विजय मिळवून क्लबच्या इतिहासातील पहिला मोठा चषक जिंकला. पुढच्या हंगामात ६६ गुण आणि १२७ गोलांसह लीगचे विजेतेपद आले. १८८८ मध्ये सुरू झालेली लीग दक्षिण इंग्लंडमधील संघाने प्रथमच जिंकली होती. उत्तरेतील गिरण्या आणि खाणींच्या गावांत या संघाविषयी रोष होता. हा पैशाचा आणि नशिबाचा संघ, बचाव करीत बसतो आणि संधी मिळताच गोल मारतो, अशी टीका सर्रास होई. जानेवारी १९३३ मध्ये तृतीय विभागातील वॉल्सॉलने त्यांना चषकातून बाहेर काढले, तेव्हा देशभर आनंद व्यक्त झाला. त्या सामन्यात पेनल्टी देणारे टॉमी ब्लॅक यांना चॅपमन यांनी काही दिवसांतच विकून टाकले. खेळाडूंची काळजी घेणारे व्यवस्थापक अशी त्यांची ख्याती आहे. हा प्रसंगही तिच्याशेजारी ठेवायला हवा.

क्लबची प्रतिष्ठा केवळ गुणतक्त्यावर ठरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९३२ मध्ये गिलेस्पी रोड या भुयारी रेल्वेस्थानकाला त्यांनी आर्सेनलचे नाव मिळवून दिले. त्यासाठी तिकिटे आणि नकाशे सारेच बदलावे लागले. मार्च १९३३ पासून लाल शर्टाला पांढऱ्या बाह्या आल्या. शर्टावर क्रमांक घालून संघाने १९२८ मध्येच एक सामना खेळला होता. लीगने ती पद्धत १९३९ मध्ये सक्तीची केली. हायबरीवर प्रकाशझोतही बसविण्यात आले, पण अधिकृत सामन्यांसाठी त्यांना परवानगी मिळाली नाही. त्या मैदानावर प्रकाशझोतातील पहिला सामना झाला तो १९५१ मध्ये. राष्ट्रीय संघालाही स्वतंत्र व्यवस्थापक असावा, असे ते सांगत. १९३३ मध्ये इटली आणि स्वित्झर्लंडच्या दौऱ्यावर ते इंग्लंडच्या संघासोबत गेलेही, मात्र निवडीचा अधिकार समितीकडेच राहिला. तो प्रश्न महायुद्धानंतर मार्गी लागला.

१९३२-३३ मध्ये आर्सेनल पुन्हा विजेते झाले. १९३४ च्या नववर्षदिनी चॅपमन बरी येथे एक सामना पाहण्यास गेले, दुसऱ्या दिवशी पुढील प्रतिस्पर्धी शेफील्ड वेन्सडेचा खेळ पाहिला आणि सर्दी झालेली असतानाही लंडनला परतून कनिष्ठ संघाच्या सामन्याला हजर राहिले. सर्दीचे रूपांतर न्यूमोनियात झाले. ६ जानेवारी १९३४ च्या पहाटे हेंडन येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. ते ५५ वर्षांचे होते. त्या दुपारी हायबरीवर शेफील्ड वेन्सडेविरुद्धचा सामना ठरल्याप्रमाणे झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला.

पुढचा व्यवस्थापक कोण, ही चर्चा लगेचच सुरू झाली. तो हंगाम जो शॉ यांनी सांभाळला आणि नंतर संचालक मंडळातील जॉर्ज ॲलिसन यांनी सूत्रे घेतली. १९३३-३४ आणि १९३४-३५ ची विजेतेपदे मिळून आर्सेनलचीही सलग तीन झाली. हडर्सफील्डचे तिसरे विजेतेपद चॅपमन गेल्यानंतर आले होते, येथेही तेच झाले.

हायबरीचे मैदान २००६ मध्ये बंद झाले. २०१८ मध्ये अमेरिकी उद्योगपती स्टॅन क्रोएंके यांनी क्लबची संपूर्ण मालकी मिळविली आणि छोट्या भागधारक चाहत्यांचे समभागही त्यांच्याकडे गेले. एप्रिल २०२१ मध्ये युरोपियन सुपर लीगच्या प्रस्तावावरून संतापलेले हजारो चाहते मालकाच्या निषेधार्थ नव्या स्टेडियमबाहेर जमले. चॅपमन यांचा २०११ मध्ये उभारलेला पुतळा तेथेच आहे.