राणीचा मलमली झगा

सन १७८३ सालीं पॅरिस शहरीं भरलेल्या चित्रप्रदर्शनांत राणी मारी आंत्वानेत हिचें एक चित्र लावलें होतें. तें लवकरच भिंतीवरून उतरवावें लागलें. अपराध काय, तर राणीच्या अंगावर दरबारी रेशीम नव्हतें! पांढरा मलमलीचा झगा, कमरेस तलम पट्टा व मस्तकीं गवती टोपी, एवढाच तो वेष. राणीस अंतर्वस्त्रांत उभी केली, असा एक गिल्ला झाला; आणि परदेशी मलमल (तलम मलमल त्या काळीं मुख्यतः आमच्या बंगालची) वापरून ती लियोंच्या रेशीमकारांच्या पोटावर पाय देते, असा दुसरा. चित्रकर्त्रीनें लागलीच दुसरें चित्र दिलें: तीच राणी, हातांत तसाच गुलाब, अंगावर मात्र निळसर रेशीम.

ह्या चित्रकर्त्री म्हणजे एलिझाबेथ विजे ल ब्रँ. जन्म सन १७५५ चा. बाराव्या वर्षीं चित्रकार पित्याचें छत्र हरपलें, आणि अल्प वयांतच घराचा भार त्यांच्या कुंचल्यावर पडला. मातेनें पुनर्विवाह केला, तों सावत्र पिता मुलीच्याच कमाईवर हात मारूं लागला. सन १७७६ सालीं चित्रांच्या एका व्यापाऱ्याशीं विवाह झाला. पतिराजांनींही तोच क्रम पुढें चालविला. राजकीय कलासंस्थेंत बायकांस चारच जागा. तेथें त्यांचें नांव निघतांच पती व्यापारी असल्याची हरकत निघाली, व अखेर राजाज्ञेनेंच १७८३ सालीं प्रवेश मिळाला. पतीच्या धंद्याचा विटाळ ह्या विद्वानांस झाला. बायकोची कमाई त्याच्या खिशांत जाई, त्याचा मात्र कोणासच झाला नाहीं!

पावडर माखलेले केशसंभार ल ब्रँ बाईंस मनापासून नापसंत. समोर बसलेल्या सरदारस्त्रियांस त्या पावडर सोडण्याचा आग्रह करीत व त्यांच्या अंगावर शाल आपल्या हातानें घालीत. राणीचीं सुमारें तीस चित्रें त्यांनीं काढलीं, आणि तोच लौकिक पुढें जिवावर बेतला. सन १७८९ च्या ऑक्टोबरांत जमावानें राजकुटुंबास व्हर्साय येथून पॅरिसांत आणलें, त्याच रात्रीं रेशमाची ही चित्रकर्त्री गरीब मजूर बाईचा वेष करून लहान मुलीसह डाकगाडींत बसली. इटली, व्हिएन्ना, रशिया असें बारा वर्षें हिंडून त्यांनीं कुंचल्यावर पोट भरलें. त्या १८०२ सालीं परतल्या, व १८४२ सालीं वारल्या. निंदिलेला तो मलमली झगा तोंवर राणीच्याच नांवानें फ्रान्सभर रूढ होऊन जुनाही झाला होता.