रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस

आपल्या महाराष्ट्रांतील पुष्कळशा गांवांच्या वेशीवर, दवाखान्याच्या भिंतीवर किंवा एखाद्या पाणपोईच्या माथ्यावर दातेरी चाकाची एक खूण आढळते. विद्यार्थ्यांनीं ती पाहिली असेल. पालकांपैकीं कित्येकांनीं त्या चाकाच्या नांवानें निघालेल्या वर्गणीच्या पावत्याही घेतल्या असतील. ती खूण रोटरी क्लबाची. गांवांतील सुखवस्तु गृहस्थांनीं आठवड्यांतून एकदां एकत्र जमावें, जेवावें, हास्यविनोद करावा आणि मधून मधून एखाद्या सत्कार्यासाठीं पैसा गोळा करावा, म्हणजे रोटरी क्लब, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अगदींच खोटी नाहीं. परंतु आधीं जेवण कीं आधीं सत्कार्य, आणि एकांतून दुसरें कसें निघालें, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे. त्याचें उत्तर ज्या एका वकिलाच्या आयुष्यांत सांपडतें, त्याचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पॉल पर्सी हॅरिस ह्यांचा जन्म अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांतील रसीन ह्या गांवीं १९ एप्रिल १८६८ रोजीं झाला. वडील जॉर्ज हॅरिस ह्यांचें औषधांचें दुकान होतें. परंतु त्यांस हिशेब कधीं साधला नाहीं. खर्च उत्पन्नाच्या पुढें धांवूं लागला, दुकान बुडालें आणि घर मोडलें. १८७१ च्या उन्हाळ्यांत तीन वर्षांचा पॉल व त्याचा पांच वर्षांचा भाऊ सेसिल ह्यांस घेऊन वडिलांनीं आगगाडीनें व्हरमाँट संस्थानांतील वॉलिंगफर्ड ह्या खेड्याची वाट धरली. रात्रीच्या अंधारांत आजोबा हॉवर्ड हॅरिस कंदील घेऊन स्टेशनावर उभे होते. त्यांचा हात धरून दोघे भाऊ घरीं गेले. आणि पॉल जो त्या घरचा झाला तो कायमचा.

वॉलिंगफर्ड हें डोंगरांच्या कुशींतील लहानसें गांव. तेथें दुकानदार गिऱ्हाइकाला नांवानें हांक मारी आणि कोणाच्या घरीं दुखणें आलें तर शेजारी न बोलावतां मदतीला येत. आजोबा मितभाषी व काटकसरी होते. शेजाऱ्याविषयीं वाईट शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. आजी पामेला हिच्या हातीं घराची शिस्त. नातू मात्र पक्का उनाड निघाला! शाळेंतील खोड्यांनीं त्यानें घरच्यांस बेजार केलें. आणि पुढें १८८६ सालीं व्हरमाँट विद्यापीठांतून तर कांहीं विद्यार्थ्यांच्या दंगामस्तीबद्दल त्याला इतरांबरोबर काढून टाकण्यांत आलें. त्या दंग्यांत आपला हात नव्हता, असें तो नंतर सांगत असे. (त्याच विद्यापीठानें १९३३ सालीं त्यास सन्मानाची पदवी दिली, ही गोष्ट विद्यार्थ्यांपेक्षां शिक्षकांनींच अधिक ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.) पुढें प्रिन्स्टन येथें शिकत असतांना १८८८ त आजोबा वारले. पोरगा तेव्हां कोठें ताळ्यावर आला. संगमरवराच्या एका कंपनींत दिवसाला एक डॉलर मजुरीवर त्यानें हरकाम्याची नोकरी केली, आणि मग आयोवा विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करून १८९१ त पदवी मिळविली.

पदवी हातीं येतांच वकिलीची पाटी लावावी, असें कोणासही वाटेल. हॅरिस ह्यांनीं आधीं पांच वर्षें जग पाहण्याचें ठरविलें. सॅन फ्रॅन्सिस्को येथें वार्ताहर, फ्रेझ्नो येथें बेदाण्याच्या वखारींत मजूर, लॉस एंजेलिस येथें शिक्षक, डेन्व्हर येथें नाटकमंडळींत नट, तेथून निघून गुराखी, मग जॅक्सनव्हिल येथील हॉटेलांत रात्रीचा कारकून, संगमरवराचा फिरता विक्रेता, आणि गुरें वाहून नेणाऱ्या बोटीवर नोकर होऊन इंग्लंडची सफर, असा हा क्रम आहे. पालकांनीं दचकूं नये. आम्ही तो अनुकरणासाठीं सांगत नाहीं. परंतु मजूर, कारकून, विक्रेता ह्या सर्वांच्या पंक्तीला बसलेला हा पदवीधर पुढें कोळशाचा व्यापारी आणि शिंपी ह्यांच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बसूं शकला, ह्याचें कारण ह्या पांच वर्षांत आहे, असें आम्हांस वाटतें.

१८९६ त ते शिकागो शहरीं स्थायिक झाले. वकिली हळूहळू चालूं लागली. पण त्या लाखों माणसांच्या शहरांत त्यांना जवळचा असा कोणी नव्हता. कचेरीच्या दिवशीं ह्या गोष्टीचा विसर पडे. रविवार व सणवार मात्र खायला उठत. १९०० सालीं एके संध्याकाळीं ते एका वकील मित्राच्या घरीं उपनगरांत जेवावयास गेले. जेवणानंतर दोघे फिरावयास निघाले, तों वाटेंतील दुकानदार त्या मित्राला नांवानें नमस्कार करूं लागले. हॅरिस ह्यांस एकदम वॉलिंगफर्ड आठवलें. आपलें खेडें ह्या शहरांत पुन्हां वसवितां येईल काय, हा विचार त्यांच्या मनांत शिरला. पांच वर्षें तो तसाच घोळत राहिला.

२३ फेब्रुवारी १९०५ च्या रात्रीं तो विचार प्रत्यक्षांत आला. कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शीली ह्यांच्याबरोबर त्यांनीं एका इटालियन खाणावळींत जेवण केलें, आणि मग दोघे डीअरबॉर्न रस्त्यावरील युनिटी बिल्डिंगमध्यें सातव्या मजल्यावर, ७११ क्रमांकाच्या खोलींत गेले. ती खोली खाणींचे इंजिनियर गुस्ताव्हस लोर ह्यांची कचेरी. चौथे गृहस्थ हायरम शोरी, धंद्यानें शिंपी. वकील, कोळसेवाला, इंजिनियर आणि शिंपी, एवढीच ती सभा. प्रत्येक धंद्याचा एकच सभासद घ्यावा, म्हणजे स्पर्धेचा कांटा राहणार नाहीं. आणि पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत किंवा दुकानांत जमावें, असें ठरलें. ह्या पाळीच्या फिरण्यावरूनच 'रोटरी' हें नांव पडलें. तिसरी सभा तर शीली ह्यांच्या कोळशाच्या वखारींत भरली. लवकरच हॅरी रगल्स नांवाचे छापखानेवाले येऊन मिळाले. सभेंत गाणीं म्हणण्याची चाल त्यांनीं पाडली. प्रौढ, टक्कल पडलेले व्यापारी एका सुरांत गात आहेत, हें दृश्य पाहणाऱ्याला हसूं आणणारें असेल. पण त्यांपैकीं बहुतेक जण हॅरिस ह्यांच्याप्रमाणेंच खेड्यांतून आलेले व एकाकी होते, हें विसरतां कामा नये.

आतां खरी गोष्ट सांगावयाची ती ही कीं, आरंभीं ह्या मंडळांत परोपकाराचें नांवही नव्हतें. उद्देश दोनच होते : सभासदांच्या धंद्याची वाढ आणि आपसांतील स्नेह. कोणी कोणाला किती रुपयांचें काम मिळवून दिलें ह्याचा हिशेब ठेवण्यासाठीं एक सभासद खास नेमलेला असे. १९०६ सालीं डोनाल्ड कार्टर नांवाच्या वकिलास सभासद होण्याचें निमंत्रण गेलें. त्यांनीं नियम ऐकले आणि साफ नकार दिला. जें मंडळ स्वतःपलीकडे कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं तें टिकावयाचें नाहीं, असा त्यांचा अभिप्राय. हॅरिस आणि त्यांच्या मित्रांनीं राग मानला नाहीं. आपणच सभासद होऊन नियमांत दुरुस्ती सुचवा, असें त्यांनीं कार्टर ह्यांस सांगितलें; आणि शहराचें हित साधणें हा तिसरा उद्देश नियमांत दाखल झाला. नकार देणाऱ्यासच घरांत बोलावून त्याच्या हातीं लेखणी द्यावी, ही बुद्धि आमच्याकडील किती मंडळांना सुचेल?

१९०७ त हॅरिस क्लबाचे अध्यक्ष झाले आणि ह्या तिसऱ्या उद्देशाची कसोटी लागली. शिकागोच्या मध्यभागीं सार्वजनिक शौचकूप नव्हता. तो व्हावा म्हणून त्यांनीं शहरांतील इतर संस्थांना एकत्र करून चळवळ आरंभिली. विषय असा कीं, सभेंत त्याचा उच्चार करतांना गृहस्थांनीं खालीं पहावें. विरोधही झाला, आणि तो चमत्कारिक दिशांनीं आला. मद्य गाळणाऱ्यांच्या संघानें सांगितलें कीं, शहरांतील हजारों दारूगुत्त्यांत पुरुषांची सोय आहेच. मोठ्या दुकानांचे मालक म्हणाले कीं, स्त्रियांची सोय आमच्या दुकानांत आहे. म्हणजे पुरुषानें आधीं पेला घ्यावा आणि स्त्रीनें आधीं खरेदी करावी! रोटरीच्या मंडळींनीं हेंच वर्म पकडलें. दोन वर्षें खटपट चालली आणि १९०९ सालीं नगरभवनाजवळ तो शौचकूप उभा राहिला. शाळांना देणग्या, रुग्णालयांना इमारती, अशीं पुढें रोटरीनें कितीतरी मोठीं कामें केलीं. तरी मान मिळण्याचा संभव नसतांना केलेलें हें पहिलें काम आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें.

तथापि ह्या कामानें व विस्ताराच्या धोरणानें हॅरिस ह्यांस घरचीच नाराजी पत्करावी लागली. गाणीं, जेवण, मैत्री एवढ्यावर जे तृप्त होते त्यांना वाटूं लागलें कीं, अध्यक्षांनीं आपलें सुखाचें घर मोडण्यास काढलें आहे. ज्या सोबतीसाठीं क्लब काढला तीच सोबत दुरावते कीं काय, असा हा प्रसंग होता. १९०८ त त्यांनीं अध्यक्षपद सोडलें, पण कल्पना सोडली नाहीं. त्याच वर्षीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें दुसरा क्लब निघाला. ऑगस्ट १९१० मध्यें सोळा क्लबांचे प्रतिनिधि शिकागोस जमले व हॅरिस त्या राष्ट्रीय संघाचे पहिले अध्यक्ष झाले. चेस्ली पेरी नांवाचे कर्तबगार चिटणीस त्यांस लाभले. त्यांनीं १९४२ पर्यंत तें काम सांभाळलें आणि इमारतीचा खरा बांधणारा पेरीच, असें हॅरिस मोकळ्या मनानें सांगत. १९१२ त कॅनडा व ब्रिटिश बेटें येथील क्लब आल्यानें संघ आंतरराष्ट्रीय झाला. पण सुमारें त्याच वेळीं हॅरिस ह्यांची प्रकृति ढांसळली आणि ते कित्येक वर्षें कारभारापासून दूर राहिले.

गृहसौख्य मात्र त्यांस उशिरां कां होईना, लाभलें. रानावनांतून पायीं फिरणाऱ्या मंडळींत त्यांची एडिंबरो येथील जीन थॉमसन हिच्याशीं ओळख झाली आणि जुलै १९१० मध्यें विवाह झाला. शिकागोच्या टेकडीवरील घराला त्यांनीं जीनच्या माहेरच्या वस्तीचें, 'कोमली बँक' हें नांव दिलें. मूलबाळ झालें नाहीं. पण देशोदेशींच्या पाहुण्यांसाठीं तें घर नेहमीं उघडें असे. पुढें प्रवासाला निघत तेव्हां उभयतां जेथें जात तेथें हॅरिस मैत्रीची खूण म्हणून एक झाड लावीत. येथें एक वैगुण्य सांगितलें पाहिजे. जीनचा ह्या सर्व कार्यांत एवढा वांटा असूनही स्त्रियांना क्लबाचीं दारें बंद होतीं. तीं रीतसर उघडलीं १९८९ सालीं, तेंही अमेरिकेंतील वरिष्ठ न्यायालयाचा निकाल लागल्यानंतर.

आतां निधीची हकीकत. १९१७ त त्या वेळचे अध्यक्ष आर्च क्लम्फ ह्यांनीं सत्कार्यासाठीं कायमचा निधि असावा, अशी सूचना मांडली. पुढल्या वर्षीं कॅन्सस सिटीच्या क्लबानें आपल्याकडील शिल्लक पाठविली : साडेसव्वीस डॉलर. अनेक वर्षें निधि असा थेंबथेंबच वाढला. त्यांतून १९३० सालीं पहिली देणगी गेली ती पांचशें डॉलरांची, अपंग मुलांच्या संस्थेला. ती संस्था ओहायो संस्थानांतील एडगर ॲलन ह्यांच्या खटपटीनें निघाली होती. ॲलन ह्यांचा मुलगा १९०७ त ट्रामच्या अपघातांत गेला. गांवांत चांगलें रुग्णालय नव्हतें, म्हणून त्यांनीं पैसा जमवून तें बांधविलें. आणि तेथें त्यांना दिसलें कीं, अपंग मुलांना लोक घरांत लपवून ठेवतात. मग त्यांनीं जन्म त्याच कामाला वाहिला. गांवोगांवचे रोटरी क्लब त्यांच्या पाठीशीं उभे राहिले व हॅरिस ह्यांनींही मनापासून साह्य केलें.

२७ जानेवारी १९४७ रोजीं शिकागो येथें हॅरिस ह्यांचा अंत झाला. त्यांचें वय ७८ वर्षांचें होतें आणि रोटरीचे सभासद दोन लक्षांवर गेले होते. आपल्या शवावर फुलें वाहूं नयेत, तो पैसा निधीला द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. जो निधि तीस वर्षें रखडत होता त्यांत दीड वर्षांत तेरा लक्ष डॉलर जमले. त्यांतून परदेशीं शिकावयास जाणाऱ्यांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. पहिल्या वर्षीं अठरा विद्यार्थी निघाले. पुढें १९८५ पासून ह्याच मंडळींनीं पोलिओच्या उच्चाटनाचें काम शिरावर घेतलें. बारा कोटि डॉलरांचा संकल्प होता; १९८८ पर्यंत चोवीस कोटींवर रक्कम जमली. आपल्या देशांत कलकत्त्याला पहिला क्लब १९२० त व मुंबईला १९२९ त रीतसर सुरू झाला होता. पोलिओच्या डोसांच्या रविवारीं शाळेच्या ओट्यावर बसून थेंब पाजणाऱ्यांत अशा क्लबांचे सभासद असत. सरकारच्या व लाखों आरोग्यसेवकांच्या श्रमांशीं त्यांचे श्रम जोडले गेले. हिंदुस्थानांतील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमधील हावडा येथें आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त ठरला.

हॅरिस ह्यांस शिकागोच्या माउंट होप स्मशानभूमींत पुरण्यांत आलें. जवळच त्यांचे जुने मित्र, कोळशाचे व्यापारी शीली ह्यांचें थडगें आहे. ते डिसेंबर १९४५ मध्यें वारले होते. जीनबाई कांहीं काळानें स्कॉटलंडला परतल्या व १९६३ सालीं एडिंबरो येथें निवर्तल्या.