चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई शहराचे रूप झपाट्याने पालटत होते. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून तेथे कलाशाळा सुरू झाली. १८७० मध्ये मुंबई ते जबलपूर हा लोहमार्ग पूर्ण झाला आणि जबलपूरमार्गे थेट कलकत्त्यापर्यंत आगगाडीने जाणे शक्य झाले. नाना प्रांतांचे, नाना वेषांचे लोक मुंबईच्या रस्त्यांवर दिसू लागले. या बदलत्या जीवनाला रंगरेषांतून चिरंजीव करणारे चित्रकार म्हणजे रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. चित्रकलेची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. निसर्गचित्रांसाठी पुढे ख्यातनाम झालेले आबालाल रहिमान हे कोल्हापूरचेच. त्यांच्या कलेचा ठसा धुरंधरांच्या कोवळ्या मनावर उमटला. त्या काळी चित्रकलेवर उदरनिर्वाह करणे म्हणजे अनिश्चिततेला आमंत्रण देणेच होते. तरीही १८९० मध्ये धुरंधरांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला.

त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे मोठे कार्य त्यांनी केले होते. शाळेतील शिक्षणपद्धती मात्र युरोपीय होती. पुतळ्यांवरून रेखन, यथादर्शन, छायाप्रकाश, शरीररचनेचा अभ्यास आणि जलरंग व तैलरंगांचा वापर या क्रमाने विद्यार्थ्याला पुढे जावे लागे. धुरंधरांनी हे सारे निष्ठेने आत्मसात केले. ग्रिफिथ्स यांनीही आपल्या या शिष्याचे गुण ओळखले आणि त्याला उत्तेजन दिले.

तंत्र परक्या देशाचे आणि जीवन मात्र आपले, हा पेच केवळ भारतीय चित्रकारांपुढेच होता असे नाही. अठराव्या शतकातील अमेरिकी चित्रकारांनाही कला युरोपकडूनच शिकावी लागली. बेंजामिन वेस्ट लंडनला गेले आणि तेथेच स्थायिक झाले. गिल्बर्ट स्टुअर्ट मात्र मायदेशी परतले आणि त्यांनी रंगवलेली जॉर्ज वॉशिंग्टन यांची व्यक्तिचित्रे त्या नव्या राष्ट्राची ओळख ठरली. पुढे टॉमस कोल यांनी हडसन नदीच्या परिसराला आपल्या निसर्गचित्रांत स्थान दिले. शिकलेल्या तंत्राने आपली माणसे आणि आपली भूमी रंगवणे, हाच मार्ग धुरंधरांनी मुंबईत राहून चोखाळला.

१८९२ मध्ये घरकामात गुंतलेल्या स्त्रियांच्या त्यांच्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. १८९५ मध्ये, लक्ष्मीला उद्देशून ‘आलीस का?’ असे विचारणाऱ्या शीर्षकाच्या चित्राला याच संस्थेचे सुवर्णपदक लाभले. हे चित्रविषय राजवाड्यातले नव्हते. घराचा उंबरठा, नऊवारी नेसलेल्या स्त्रिया, त्यांची लगबग आणि त्यांचा आपसांतील जिव्हाळा, हेच त्यांना चित्रणास योग्य वाटले. सामान्य गृहजीवनालाही कलेत प्रतिष्ठा असते, हे त्यांनी आपल्या कुंचल्याने सिद्ध केले.

१८९६ मध्ये ते आपल्याच शाळेत शिक्षक झाले. १९१० मध्ये मुख्याध्यापकपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. परकीय सत्तेच्या त्या काळात शाळेची सर्वोच्च अधिकारपदे इंग्रजांकडेच असत. सेवेच्या अखेरीस धुरंधरांनी संचालकपदाचा कार्यभार सांभाळला आणि त्या स्थानी पोहोचणारे ते पहिले भारतीय ठरले. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. विद्यार्थी आणि शिक्षक या नात्यांनी ४१ वर्षे त्यांनी एकाच संस्थेत व्यतीत केली. या कालखंडाच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मचरित्रात लिहिल्या. ते १९४० मध्ये प्रसिद्ध झाले.

अध्यापन करीत असतानाही त्यांचा कुंचला अखंड चालत होता. व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, पौराणिक व ऐतिहासिक प्रसंग, पोस्टकार्डे, पुस्तकांतील चित्रे, असे त्यांचे कार्य बहुविध होते. ऑटो रोथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील इंग्रजी ग्रंथासाठी त्यांनी ४८ रंगीत चित्रे काढली. हा ग्रंथ १९२० मध्ये प्रकाशित झाला. भिन्न प्रांतांतील आणि समाजांतील स्त्रियांचे पोशाख, अलंकार, उभे राहण्याची ढब त्यांत बारकाईने टिपलेली आहे. औंधचे कलाप्रेमी अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहातही त्यांच्या चित्रांना मानाचे स्थान मिळाले. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या भित्तिचित्रांचे कामही त्यांच्याकडे सोपविण्यात आले होते. १९२७ मध्ये सरकारने त्यांना ‘रावबहादूर’ हा किताब दिला.

तथापि याच काळात देशात कलाविषयक विचारांचा प्रवाह बदलत होता. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि त्यांचे अनुयायी भारतीय परंपरेचा नव्याने शोध घेत होते. युरोपीय वास्तववादी शैलीत काम करणारे चित्रकार अनुकरण करणारे आहेत, अशी टीका होऊ लागली. स्वदेशीच्या भावनेने भारलेल्या त्या दिवसांत ही टीका जिव्हारी लागणारी होती. धुरंधरांनी मात्र आपली वाट सोडली नाही. तंत्र कोठून आले याइतकेच ते कोणाच्या जीवनाशी एकरूप झाले हेही महत्त्वाचे असते. त्यांच्या चित्रांतील बाजार, लग्नसमारंभ, देवदर्शनाला निघालेल्या स्त्रिया आणि रस्त्यावरील विक्रेते पाहिले, की ही चित्रे अस्सल येथल्या मातीतील आहेत याची साक्ष पटते.

आपल्या कन्येलाही त्यांनी कलेचे शिक्षण दिले. स्त्रियांना अशा शिक्षणाची दारे क्वचितच उघडी होत असताना अंबिका धुरंधर यांनी जे. जे. कलाशाळेत शिक्षण पूर्ण केले आणि चित्रकार म्हणून नाव मिळवले.

१ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यांनी रंगवलेली मुंबई आज उरलेली नाही. ते वेष, ते अलंकार आणि त्या चालीरीती पुष्कळशा लोपल्या आहेत. पण त्यांच्या चित्रांपुढे उभे राहिले, की शंभर वर्षांपूर्वीची माणसे आपल्याशी नाते सांगू लागतात. ज्या सामान्य जीवनाची नोंद राजदरबाराच्या दप्तरांत सहसा होत नाही, ते जीवन एका चित्रकाराच्या निष्ठेमुळे आपल्यापर्यंत पोहोचले आहे.