विष्णु दिगंबर पलुस्कर : समूहस्वराचे शिक्षक

हिंदुस्थानी अभिजात गायन हे मुख्यतः एकट्या गायकाचे गायन होय. समूहाने गाण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नव्हती. परंतु तिचे स्थान दिंडीत, आरतीत आणि कीर्तनात होते, मैफलीत नव्हते. या दोन परंपरांमधील अंतर शिक्षणाच्या द्वारे कमी करण्याचा पहिला मोठा प्रयत्न पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी केला. त्यांच्या जीवनकार्याचा विचार या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. बुवांनी ध्रुवपद उच्चारावे आणि साथीदारांनी ते उचलून धरावे, हा संस्कार मुलावर घरातच झाला. बालपणी उत्सवातील दारूकामाच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. पुढे मिरज संस्थानच्या आश्रयाने त्यांनी पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली. गुरुगृही राबून, मिळेल तेवढे कण वेचीत शिकण्याची ती पद्धती होती. तिचे सामर्थ्य त्यांनी अनुभवले, तसेच तिचे दारिद्र्यही. गायकाला समाजात मिळणारे गौण स्थान त्यांना विशेष सलत होते. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडले आणि उत्तरेकडे प्रवास केला.

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या संस्थानिकाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांचे उत्पन्न यांवर ही संस्था उभी राहिली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. वर्गात एका वेळी अनेकांना शिकवावयाचे तर पाठ निश्चित हवा. म्हणून त्यांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धती तयार केली, क्रमिक पुस्तके छापली, परीक्षा सुरू केल्या. स्त्रियांनाही शिक्षणाचे दार उघडले.

वर्गाने एकत्र गावयाचे म्हटले की प्रश्न केवळ स्वरांचा राहत नाही, तो शब्दांचाही होतो. कुलीन घरातील मुलामुलींनी सर्वांसमक्ष कोणते शब्द उच्चारावे? पलुस्करांनी शृंगारिक बंदिशी दूर सारून भक्तिपर रचनांना अग्रस्थान दिले. सूर, तुलसी, मीरा यांची पदे रागात बांधली गेली. साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी ही घटना आहे. कारण येथे गायकाची अभिरुची नव्हे, तर गाणाऱ्या समुदायाची प्रतिष्ठा ही काव्यनिवडीची कसोटी ठरली.

वर्गातील हा समूहस्वर लवकरच सभामंडपात पोहोचला. काँग्रेसच्या अधिवेशनांत पलुस्कर वंदे मातरम् गात. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास हरकत घेतली, तेव्हा न थांबता त्यांनी गीत पूर्ण केले. रामधुनीची प्रचलित चालही त्यांच्या नावाशी निगडित आहे. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमती आश्रमाची प्रार्थना सांभाळली आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते गांधीजींसमवेत चालले.

या कार्याची किंमतही मोठी होती. मुंबईच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज फिटले नाही आणि अखेर वास्तू लिलावात गेली. पलुस्कर नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात रमले. रामायणकथा हेच त्यांचे गायन झाले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापून त्यांचे शिक्षणकार्य पुढे चालविले.

दुसरी किंमत सांस्कृतिक आहे. ज्या ग्वाल्हेर गायकीचे ते वारस होते, तिची घडण हद्दू-हस्सू खाँ यांच्या हातून झाली होती. संगीताला भक्तीची प्रतिष्ठा देताना उस्ताद आणि व्यावसायिक गायिका यांचा वाटा झाकोळला गेला. काकिनाड्याचा प्रसंगही या ताणापासून वेगळा काढता येत नाही. एकत्र गाण्यासाठी शब्द निवडताना कोणाचा आवाज बाहेर राहतो, हा प्रश्न त्यांच्या कार्याने मागे ठेवला आहे. तरीही मध्यमवर्गीय घरात तंबोरा निर्वेधपणे येऊ शकला, आणि ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर यांसारखे शिष्य घडले, हे श्रेय त्यांचेच. सामान्य माणसाचा कंठ शिकण्यास पात्र आहे, हा विश्वास त्यांनी संस्थेच्या रूपाने दृढ केला.