शाळांचा प्लॅन कागदावर होता, तो वर्गापर्यंत नेणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते

६ जानेवारी आला की बाळशास्त्री जांभेकरांची आठवण निघते. १८३२ साली याच दिवशी त्यांनी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून हा दिवस पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. पण बाळशास्त्रींचं पोटापाण्याचं आणि आयुष्यभराचं काम वेगळंच होतं. ते शिक्षण खात्यातले माणूस होते. क्रमिक पुस्तकं लिहिणं, मास्तर तयार करणं आणि शाळा तपासणं, ही तिन्ही कामं त्यांनी केली.

आज सरकारी शाळांच्या बाबतीत शाळा विकास आराखडा, मूल्यमापन, शिक्षक प्रशिक्षण असे शब्द सारखे कानावर पडतात. या सगळ्याची सुरुवात मुंबई इलाख्यात कशी झाली, हे बाळशास्त्रींच्या आयुष्यावरून नीट कळतं.

राजापूरकडून मुंबईला

बाळशास्त्रींचा जन्म १८१२ सालचा, गाव पोंभुर्ले. हे गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात मोडायचं. आज ते सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री पुराण सांगायचे. घरीच मराठी आणि संस्कृतचा पाया पक्का झाला. १८२५ च्या सुमारास ते मुंबईला आले आणि सदाशिव काशिनाथ उर्फ बापू छत्रे यांच्या हाताखाली शिकू लागले.

बापू छत्रे ज्या संस्थेत काम करत होते, ती महत्त्वाची आहे. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असं तिचं नाव. देशी भाषांत शाळा काढायच्या आणि त्यांना पुस्तकं पुरवायची, हे तिचं काम.

प्लॅन काय होता?

गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२३ साली शिक्षणावर एक टिपण लिहिलं. शाळांची संख्या वाढवा, शिकवण्याची पद्धत सुधारा, पुस्तकं छापा, गरीब वर्गाला शिकण्यासाठी प्रोत्साहन द्या, युरोपातल्या शास्त्रांचं शिक्षण सुरू करा, असे मुद्दे त्यात होते. आजच्या भाषेत हा इलाख्याचा शैक्षणिक आराखडाच.

पण मराठीत पुस्तकं होती कुठे? आणि ती शिकवणार कोण? १८२६ मध्ये सोसायटीने २४ मास्तर तयार करून जिल्ह्यांत पाठवले. एवढ्या मोठ्या इलाख्याला २४ जण कुठे पुरणार?

ही पोकळी भरून काढणाऱ्यांपैकी एक बाळशास्त्री. विशीत पोहोचता पोहोचता ते सोसायटीचे नेटिव्ह सेक्रेटरी झाले. पुढे १८३४ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंट प्रोफेसर म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या जागेवर बसणारे ते पहिले भारतीय. तिथल्या त्यांच्या विद्यार्थ्यांत दादाभाई नौरोजींचं नाव घेतलं जातं.

आधी पुस्तक, मग मास्तर, मग तपासणी

शाळांसाठी त्यांनी ‘बालव्याकरण’, ‘नीतिकथा’, भूगोल, इतिहास अशी पुस्तकं लिहिली. ‘शून्यलब्धिगणित’ हे तर कॅल्क्युलसवरचं पुस्तक, तेही मराठीत. त्या काळी यातल्या कित्येक संज्ञांना मराठी शब्दच नव्हते, ते घडवण्यापासून तयारी होती. १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद पडलं आणि त्याच वर्षी त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं. त्यात विज्ञान, भूगोल, इतिहास असे विषय असायचे. शाळेबाहेरच्या वाचकालाही शिकवायचं, हा त्यामागचा हेतू.

१८४० मध्येच सोसायटीच्या जागी सरकारी बोर्ड ऑफ एज्युकेशन आलं. शाळांच्या देखरेखीसाठी बोर्डाने इलाख्याचे विभाग पाडले. शाळांना भेटी द्यायच्या, मुलांची परीक्षा घ्यायची, मास्तर कसं शिकवतात ते पाहायचं आणि वर कळवायचं, हे तपासनीसाचं काम. बाळशास्त्रींनी ही जबाबदारीही सांभाळली.

पण नुसत्या तपासणीने काय होतं? मास्तरालाच गणित येत नसेल, तर तपासनीस फार तर शेरा मारू शकतो. १८४५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये मास्तरांसाठी नॉर्मल क्लास, म्हणजे अध्यापक वर्ग सुरू झाला आणि तो बाळशास्त्रींच्या हाती आला. त्यामुळे शाळेत काय कमी पडतं हे पाहणारा माणूसच ती कमी भरून काढणारे मास्तर घडवू लागला. त्या मास्तरांच्या हातात जाणाऱ्या पुस्तकांतही त्याची पुस्तकं होती.

एका माणसावर किती भार?

ही या व्यवस्थेची ताकद होती आणि धोकाही. बाळशास्त्री एकाच आयुष्यात प्रोफेसर, लेखक, संपादक, तपासनीस होते. कुलाबा वेधशाळेचं कामही त्यांनी पाहिलं. मे १८४६ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा वय जेमतेम ३४. अध्यापक वर्ग सुरू होऊन फार काळ लोटला नव्हता.

तरी तो वर्ग बंद पडला नाही. त्याची सूत्रं मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे गेली. याच सुमारास बोर्डात मोठा वाद पेटला होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना उच्च शिक्षण इंग्रजीतून हवं होतं, तर नाना शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे होते. मराठीतून शास्त्रं शिकवता येतात, हे बाळशास्त्रींच्या पुस्तकांनी आधीच दाखवलं होतं. १८५५ मध्ये बोर्ड जाऊन सरकारी शिक्षण खातं आलं.

आज याचा काय संबंध?

आज शिक्षक प्रशिक्षणासाठी ‘डाएट’ म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, पुस्तकांसाठी बालभारती आहे, तपासणीसाठी केंद्रप्रमुखांपासून शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत उतरंड आहे. २०१५ पासून ‘शाळासिद्धी’ कार्यक्रमात शाळा स्वतःचं मूल्यमापनही करतात. बाळशास्त्रींकडे एकत्र असलेली कामं आता वेगवेगळ्या टेबलांवर गेली आहेत. एवढ्या शाळांसाठी ते गरजेचंही आहे.

प्रश्न एवढाच, की तपासणीत नोंदवलेली अडचण प्रशिक्षण देणाऱ्यापर्यंत आणि पुस्तक लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचते का? ती पोहोचली नाही, तर आराखडा फाईलमध्ये राहतो. बाळशास्त्रींना मात्र ती कुणाला कळवावी लागत नव्हती. शाळेत दिसलेलं घेऊन ते थेट मास्तरांच्या वर्गात उभे राहू शकत होते.