पुन्हा एकदा सा पासून

मुरबाडला बचत गटाची बैठक आटोपली, की चहा होईपर्यंत आमच्या गप्पा रंगतात. अशाच एका दुपारी एक मैत्रीण हळूच म्हणाली, की तिला पेटी शिकायचीय. मुलासाठी घेतलेला कॅसिओ कपाटावर पडून आहे. मुलगा शिकायला बाहेर गेला, आता घरात कुणी वाजवत नाही. ही मात्र रोज तो पुसते. दुपारी एकटी असताना खाली काढते, दोन बोटांनी सारेगम शोधते आणि दारात चाहूल लागली की पुन्हा झाकून ठेवते. वय बेचाळीस. आता या वयात कशाला, असं कुणीतरी हसत म्हणालं, सगळ्याच हसल्या आणि विषय तिथेच संपला. तीही हसली, पण तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला.

सरळगाव, किन्हवली करत एसटी शहापूरला येईपर्यंत तेच डोक्यात होतं. पियानो असो, पेटी असो नाहीतर गळा, मोठेपणी शिकणाऱ्याची अडचण बोटांची नसतेच मुळी. घरात, गटात आपल्या शब्दाला मान असतो आणि इथे मात्र पहिल्याच पट्टीला चूक होते. लहान मूल चुकलं तर कौतुक होतं, आपण चुकलो तर हसं होतं. तेव्हा मला सूरश्री केसरबाई केरकर आठवल्या. नाव मोठं असलं, तरी त्यांच्या आयुष्यातलं एक पान खास आपल्यासाठी आहे.

केसरबाईंचा जन्म 13 जुलै 1892 चा, गोव्यात फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. देवळाच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या कलावंत समाजात त्या जन्मल्या. या घरांतल्या मुलींना गाणं मिळायचं, पण समाजात मान मिळायचा नाही. गाणं ऐकायला सगळे यायचे, बाईला नावं ठेवायलाही तेच पुढे असायचे. त्यामुळे गाणं ही केसरबाईंची हौस नव्हती. पोट आणि इज्जत, दोन्ही त्यावरच अवलंबून होतं.

शिकण्याची मात्र परवडच झाली. आठ वर्षांच्या असताना कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने तालीम मिळाली. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे येत, तेवढ्यापुरतं त्यांच्याकडे शिकणं होई. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या मुंबईला आल्या. तिथे सतारिये बरकतुल्ला खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याकडेही शिकल्या. गुरू सगळे थोर, पण शिक्षण तुकड्यातुकड्यांत. एकाची चाल अंगवळणी पडते न पडते, तोच दुसऱ्याची सुरू. आपल्यापैकी कितीजणींचं शिक्षण असंच झालंय, नाही का? चौथीपर्यंत एका गावात, सातवीपर्यंत मामाकडे आणि मग लग्न.

केसरबाईंना ही उणीव कळत होती. गाणं येत होतं, पण पाया पक्का नव्हता. तसंच पुढे रेटणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. 1921 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी त्या जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या. तो काळ लक्षात घ्या. त्या वयाच्या बाईला तेव्हा प्रौढच समजत. खाँसाहेब सहजासहजी शिकवायला तयार झाले नव्हते आणि त्यांच्या अटीही कडक होत्या.

तालीम म्हणजे आधीचं पुष्कळसं विसरून पुन्हा सा पासून सुरुवात. खाँसाहेबांची गायकी अवघड. मोकळा, भरदार आकार, लांब दमसास, लयीत गुंफलेल्या ताना आणि दोन राग एकमेकांत विणलेले जोडराग. मळलेलं पीठ पुन्हा कोरडं करता येत नाही म्हणतात, इथे तर लागलेली सवय मोडून नवी लावायची होती. रोज तासन्‌तास रियाज चाले. अशी कसून तालीम सुमारे अकरा वर्षं चालली आणि 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत शिकणं थांबलंच नाही.

गंमत म्हणजे हे गुरूही एकदा नव्याने सुरुवात केलेले होते. तरुणपणी माळव्यातल्या आमलेटा संस्थानात अतिगायनाने खाँसाहेबांचा आवाजच बसला आणि पूर्वीसारखा परत आलाच नाही. मग आहे त्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडवली. तीच आज घराण्याची गायकी म्हणून नावाजली जाते.

1930 नंतर केसरबाईंचं नाव देशभर झालं. 1948 मध्ये कलकत्त्याच्या संगीतप्रेमींनी त्यांना सूरश्री ही पदवी दिली. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि 1969 मध्ये पद्मभूषण मिळालं. ज्या समाजातल्या बायकांना नावं ठेवली जात, तिथल्या एकीला लोक आदराने बाई म्हणू लागले. स्वभाव करारी, ध्वनिमुद्रणंही मोजकीच केली. आवाज मनासारखा लागेना, तेव्हा साठच्या दशकात जाहीर मैफली आपणहून थांबवल्या. शिष्या करण्यातही त्या फार चोखंदळ होत्या. त्याच दशकात धोंडूताई कुलकर्णी त्यांच्याकडे शिकू लागल्या, तेव्हा त्यांचीही पस्तिशी आली होती!

1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांत पृथ्वीवरच्या संगीताचे 27 नमुने असलेली सोनेरी तबकडी आहे. भारतातला नमुना एकच, केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. दुसरं यान 5 सप्टेंबरला सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ती दोन्ही यानं आता सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे पोचली आहेत.

मैत्रिणींनो, आपल्याला काही आकाशात जायचं नाही. केसरबाई अगदीच नवशिक्या नव्हत्या आणि त्यांच्याइतका वेळही आपल्याजवळ नाही. पण येत असलेलं बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पायरीवर बसायची लाज त्यांनी सोडली, तेवढं आपल्याला नक्की जमेल. दुपारची भांडी झाल्यावर अर्धा तास पुरे. एकच अलंकार, सावकाश, पण रोज. गावच्या भजनी मंडळात पेटीवाले काका असतातच, बोटं कशी ठेवायची ते त्यांना विचारायला संकोच कसला? आणि हसणारे चार दिवस हसतात, मग त्यांना सवय होते.

मुरबाडच्या मैत्रिणीला मी फोन केला. पुढच्या बैठकीला कॅसिओ घेऊन यायला सांगितलंय. वाजवताना चुकली तर त्या दिवशी हसायचं नाही, असं बाकीच्यांनाही बजावलंय. एकजण मात्र म्हणाली, की तिच्यानंतर माझाही नंबर लावा.