संकल्पातील नाव आणि सांखवाळचे धर्मानंद

माळशिरस तालुक्यातील आपल्या कोणत्याही घरी सत्यनारायणाची पूजा मांडली म्हणजे गुरुजी संकल्प सांगतात. त्यात देशकालाच्या उच्चारासोबत बौद्धावताराचाही उच्चार होतो. माउलींची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने ज्या पंढरीस जाते, तेथील विठ्ठलासही आपल्या संतांनी बौद्ध अवतार म्हटले आहे. म्हणजे बुद्धाचे नाव आपल्या देवघरात कधीच परके नव्हते. परके झाले होते ते त्याचे सांगणे. अवतारांच्या मालिकेत नववे आसन देऊन आपण त्याची पूजा केली आणि तो काय म्हणाला हे विचारावयाचे मात्र विसरलो. ते विचारण्यासाठी घर सोडून निघालेल्या एका मराठी पुरुषाचे चरित्र यंदा आम्ही सभासद-कुटुंबांपुढे ठेवीत आहोत.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शाळेतील शिक्षण बेताचेच. नारळीच्या बागांची देखभाल हाच व्यवसाय. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे लहानसे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि मनाने तोच ध्यास घेतला. 1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यास डॉ. भांडारकरांची भेट घेऊन ते काशीस गेले व अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने अपार हाल सोशीत त्यांनी नेपाळ गाठले, पण तेथील स्थिती पाहून ते निराश झाले. मग बुद्धगया, कलकत्ता व तेथून सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी पालीचे अध्ययन केले, चीवर धारण केले, आणि पुढे ब्रह्मदेशातही काही काळ काढला.

येथे एक गोष्ट लपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ते निघाले तेव्हा घरी तरुण पत्नी बाळाबाई व तान्ही कन्या होती. ज्ञानासाठी केलेल्या त्यागाचे आपण गोडवे गातो. त्याचा निम्मा भार ज्या माउलीने मुकाट्याने वाहिला तिचे नाव सहसा घेत नाही. 1906 मध्ये धर्मानंदांनी चीवर उतरविले व सुमारे सात वर्षांनी ते कुटुंबाकडे परतले. आमच्या मते हे परतणे त्यांच्या जाण्याहून कमी मोलाचे नव्हते.

कलकत्त्यास विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम त्यांस मिळाले होते. परंतु महाराष्ट्रात राहून मराठीत ग्रंथ लिहावे या अटीवर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा अधिक वेतनाची ती नोकरी सोडून ते इकडे आले. पुढे 1912 ते 1918 पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांस वेळोवेळी बोलाविले. 1930 साली हेच अध्यापक मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले.

बुद्धाने ईश्वराची चर्चा केली नाही, यज्ञ नाकारला, मनुष्याची उच्चनीचता जन्मावर नव्हे तर कर्मावर ठरविली. दुःख आहे, त्याचे मूळ तृष्णेत आहे, तृष्णेचा निरोध शक्य आहे आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे, एवढेच त्याचे सांगणे. ते धर्मानंदांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात विशद केले. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून राजपुत्र विरक्त झाला ही कथा त्यांस पटली नाही. शाक्य व कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटे होत. आप्तांनी आप्तांवर शस्त्र धरावे हे असह्य होऊन गौतमाने गृहत्याग केला, असे त्यांनी मांडले. नीरा उजव्या कालव्याच्या पाळीवरून भावाभावांत उठणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा बुद्ध ओळखावयास वेळ लागणार नाही.

बौद्ध धर्म या देशातून का ओसरला, याचा दोष त्यांनी केवळ ब्राह्मणांच्या माथी मारला नाही. राजांच्या देणग्यांवर विहार संपन्न झाले आणि भिक्षू लोकांपासून दुरावले, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिले. स्पष्टपणाची किंमतही त्यांनी मोजली; प्राचीन श्रमणांच्या आहाराविषयीच्या त्यांच्या विवेचनाने जैन समाजातील काही मंडळी रुष्ट झाली.

1937 च्या सुमारास मुंबईस परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला. ज्यांना आपल्या समाजाने वेशीबाहेर ठेवले होते त्यांच्यापर्यंत बुद्ध पोहोचावा, ही त्यांची इच्छा. देह व्याधींनी जर्जर झाल्यावर इतरांस भार नको म्हणून त्यांनी अन्नत्याग आरंभिला. गांधीजींच्या आग्रहावरून एकदा तो सोडलाही. अखेरीस जून 1947 मध्ये सेवाग्रामच्या आश्रमात त्यांनी देह ठेवला.

‘विसुद्धिमग्ग’ची हार्वर्डची आवृत्ती 1950 साली प्रसिद्ध झाली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि जे नाव आपण संकल्पात उच्चारीत होतो ते आपल्याच गावच्या शेजारच्या वस्तीत त्रिशरणाच्या स्वरात ऐकू येऊ लागले. धर्मानंदांनी मराठीत लिहून ठेवलेला बुद्ध दोन्ही घरांत वाचता येतो.